देव्हारा नसलेल्या बेटावर

मालदीवला शिकवायला निघाले तेव्हा बॅगेच्या तळाशी, साडीच्या घडीत, पितळेचा विठोबा ठेवला होता. बोटभर उंचीचा, आईच्या देव्हाऱ्यातला. आदल्या रात्री आमच्या तालुक्यातल्याच एका सरांचा फोन आला. ते तिथे चार वर्षं शिकवून परतले होते. पगार कधी होतो, सिम कार्ड कुठे मिळतं, मसाले किती न्यायचे हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "आणि मॅडम, मूर्ती घेऊ नका. कस्टमवाले ठेवून घेतात." मी विठोबा काढून आईच्या हातात दिला. आई काही बोलली नाही. पदराने पुसून त्याला जागेवर ठेवलं.

परदेशात शिकवायला निघालेली मुलं-मुली माझ्याकडे येतात ती बहुतेक करार, व्हिसा आणि पदवीच्या साक्षांकनाचं विचारायला. ते सांगणारे आता पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. तिकडे एक आठवडा असा येतोच की सगळं एकदम अंगावर येतं. ज्यांचा देवावर भरवसा आहे ते त्या आठवड्यात देवाकडे वळतात. पण कसं वळायचं हे तेव्हा सुचत नाही, ते आधी ठरवून ठेवावं लागतं. देव आहे की नाही हा वाद मी इथे घेत नाही. ज्यांच्या घरात संध्याकाळी दिवा लागतो आणि जे दिवा न घेता परदेशात चाललेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी जागा समजून घ्या. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटं आहेत आणि त्यांतल्या २०० पेक्षाही कमी बेटांवर वस्ती आहे. 'अ‍ॅटॉल' हा शब्द जगाने त्यांच्याच धिवेही भाषेतून उचलला. तिथे बोटीला धोनी म्हणतात. पहिल्या दिवशी धक्क्यावर "धोनी आला, धोनी आला" असं काहीसं ऐकू आलं आणि मी एकटीच हसले. माझं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मिनिटांत चालून व्हायचं. आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो, शुक्रवार-शनिवार सुट्टी. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. हा अर्धा तास लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

देशाचा धर्म इस्लाम आहे आणि २००८च्या राज्यघटनेप्रमाणे मुस्लिम नसलेल्याला नागरिकत्व मिळत नाही. आपण तिथे कामाला जातो, नागरिक व्हायला नाही, म्हणून हे खटकून घेण्याचं कारण नाही. पण नियम माहीत हवेत. पूजेसाठी मूर्ती नेता येत नाही. इतर धर्मांची जाहीर उपासना चालत नाही आणि आपल्या धर्माचा प्रचार करणं हा गुन्हा आहे. आपल्या खोलीत, दार लावून, आपल्यापुरतं स्मरण केलं तर अडवायला कोणी येत नाही. मूर्ती, फोटो, पोथी यांविषयी निघण्याच्या आठवड्यात सरकारी नियम स्वतः तपासा. 'कोणीतरी नेलं होतं, काही झालं नाही' यावर जाऊ नका.

वर्गात मुलं विचारतात. सातवीतल्या एका मुलीने मला दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, "मिस, तुम्ही नमाज का पढत नाही?" प्रश्नात खोच नव्हती, कुतूहल होतं. मी म्हटलं, "माझी प्रार्थना मी घरी करते, आता अपूर्णांक." एवढंच उत्तर द्या. नाही ते सांगू नका, लपवूही नका. मुलं अपूर्णांकांकडे वळतात.

आता तो आठवडा. आमचं गाव तरडगावच्या जवळ, माउलींच्या पालखीच्या रस्त्यावर. पालखी येते तेव्हा घरोघरी चुली पेटतात आणि आई दोन दिवस पाठ टेकत नाही. त्या वर्षी शनिवारी रात्री वारकऱ्यांच्या पंगती उठल्यावर पातेली घासताना ती ओल्या अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मला रविवारी सकाळी कळलं. तेव्हा मी शाळेच्या जिन्यात उभी होते आणि पाच मिनिटांत दहावीच्या सराव परीक्षेवर सुपरव्हिजनला जायचं होतं. भाऊ म्हणाला, फलटणला दवाखान्यात नेलंय, साखर आणि बीपी ताब्यात आलं की ऑपरेशन.

त्याच दुपारी गणिताचे ४१ पेपर टेबलावर आले. सोमवारी एका पालकाची तक्रार आली की या मिसचं इंग्रजी मुलांना कळत नाही. बाहेर हुळंगू, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा त्यांचा पावसाळा, जोरात होता. स्लाइडिंगच्या फटीतून पाणी आत यायचं. शेजारच्या खोलीतली केरळची टीचर तापाने पडली होती, तिचे तासही माझ्याकडे आले.

मी प्रार्थना केली. खूप केली. पहाटे केली, मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात केली, रात्री पेपर बाजूला सारून केली. "पांडुरंगा, काय करू? जाऊ की नको?" रविवारी विचारलं, सोमवारी विचारलं, मंगळवारी विचारलं. आणि जिला विचारायला हवं होतं त्या लीडिंग टीचरला विचारलंच नाही. आपल्याकडच्या पर्यवेक्षिकेसारखं हे पद. ती माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायची.

बुधवारी सकाळी ती स्वतःच माझ्याजवळ आली, म्हणाली, चेहरा असा का? मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, "रविवारी सांगायचं होतंस. सोमवारची स्पीडबोट तुला मिळाली असती." बुधवारी हवामान खात्याचा यलो अलर्ट ऑरेंजवर गेला होता. बोटी बंद. शुक्रवारी सरकारी फेरी नसायचीच. विमानतळ असलेलं बेट माझ्यापासून बोटीने तीन तास. म्हणजे मी पोचले असते ती शनिवारनंतर, आणि ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं.

त्या बुधवारी मला कळलं की तीन दिवस मी जे करत होते त्यात प्रार्थना थोडी होती आणि टाळाटाळ जास्त. रजा मागायची भीती वाटत होती. नवा करार, त्यातून तक्रार आलेली, आता सुट्टी मागितली तर काय म्हणतील? ती भीती मी देवाच्या पायाशी नेऊन ठेवत होते, आणि उठताना तीच परत उचलून आणत होते. माझ्या अनुभवातून इतरांना द्यायची एकच गोष्ट असेल तर ती ही. प्रार्थना करून उठलात की पुढच्या तासाभरात करायचं एक काम हातात असलं पाहिजे. फोन, अर्ज, कोणाला तरी विचारणं, डॉक्टर. काम हातात येत नसेल तर जपाची संख्या वाढवू नका. आपण नेमकं कशाला घाबरतोय ते मराठीत, एका वाक्यात, कागदावर लिहा. माझं वाक्य रविवारीच लिहिलं असतं तर असं झालं असतं: 'मला रजा मागायला भीती वाटते.' त्यावर उपाय काय, हे शेंबडं पोरही सांगेल.

आईशी त्याच दुपारी बोलले. रडले. ती म्हणाली, "तू पेपर तपास. इथं चार माणसं हायेत."

देवावर भरवसा ठेवायचा आणि माणसांपुढे तोंडही उघडायचं, या बाबतीत पंडिता रमाबाई मला नेहमी आठवतात. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तिथे बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. सोबत लहानगी मनोरमा, ऐकू कमी येण्याचा त्रास वाढत चाललेला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असं पुढे आलं तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी मान खाली घातली नाही. सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापून आलेला आहे. देवावर पूर्ण भरवसा ठेवणारी ही बाई देवाच्या नावाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट मात्र निमूट मानत नाही, प्रश्न विचारत राहते. परदेशातल्या मराठी शिक्षिकेने त्यांच्याकडून हेच घ्यावं. श्रद्धा आहे म्हणून वरिष्ठांपुढे गप्प बसायचं, करारात नसलेले तास घ्यायचे, पगार थकला तर 'देव बघून घेईल' म्हणायचं, हे बरोबर नाही. पगार थकला तर राजधानी मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयाला कळवायचं. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल तक्रारींसाठीच आहे.

आता प्रार्थना बांधायची कशी ते.

पाठांतर इथूनच करून जा. मी हरिपाठाची पोथी नेली नव्हती, फोनमध्ये ठेवला होता. पण ज्या रात्री माणूस खचतो त्या रात्री डोळे भरलेले असतात आणि स्क्रीन दिसत नाही. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग सगळेच पाठ पाहिजेत असं नाही. मला सात नीट येत होते, त्यांवर आठवडा निघाला. पसायदान तर नऊ ओव्यांचं, तेही शाळेत पाठ झालेलं. सावकाश म्हटलं तरी दोन-तीन मिनिटांत होतं. रामदासी घरातली माणसं मनाचे श्लोक म्हणतील, ख्रिस्ती वाचक नारायण वामन टिळकांची गीतं म्हणतील. जे लहानपणी कानावरून गेलंय तेच घ्या. अवघड आठवड्यात नवं स्तोत्र शिकायला बसू नका, ते जिभेवर बसत नाही आणि आणखी एक काम अर्धं राहिल्याची टोचणी तेवढी लागते.

वेळ खुंटीला टांगा. 'वेळ मिळेल तेव्हा' म्हटलं की तो मिळत नाही. मला खुंट्या बेटानेच दिल्या. पहाटेची बांग झाली की मी उठायचे. दार बंद, दिवा नाही, उदबत्ती नाही, खिडकीकडे तोंड करून पाच मिनिटं. बांग त्यांची आणि काकडा माझा, दोन्हीची वेळ एकच. यात मला कधी काही विचित्र वाटलं नाही. दुसरी खुंटी शाळेचा रस्ता. खोलीपासून फाटकापर्यंत सहा मिनिटं, एका अभंगापुरती. तिसरी वर्गाचं दार. मुठीत दरवाजाची कडी असते तेवढा एक श्वास. त्यात फक्त नाव घ्यायचं.

आणि चौथी म्हणजे तो अर्धा तास. गावी सात वाजता दिवेलागणीला आई हरिपाठ म्हणते तेव्हा बेटावर साडेसहा असतात, शाळा सुटलेली असते, मगरिबची नमाज होत आलेली असते. गुरुवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी संध्याकाळी भावाने फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला. आईचा आवाज अगदी बारीक येत होता. दुसऱ्या अभंगाला आणखी एक आवाज मिसळला. शेजारच्या खाटेवरच्या आजी होत्या. तिसऱ्याला रेंज गेली. मी इकडे म्हणत राहिले, ते तिकडे म्हणत राहिले असतील असं धरून. पाच मिनिटांनी रेंज आली तेव्हा आम्ही एक अभंग पुढे-मागे होतो आणि आजी हसत होत्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, घरच्या एका माणसाशी एक वेळ ठरवून घ्या. फोन लागो न लागो, त्या वेळेला दोघांनी म्हणायचं.

भाषा मराठीच ठेवा. दिवसभर इंग्रजी बोलून जीभ जड होते, त्यात मोडकी धिवेही. स्वयंपाकघरात मल्याळी आणि तमिळ. महिनेच्या महिने माझ्या तोंडी मराठी आलं ते फोनवर आणि देवापुढे. भिंती पातळ असतात, म्हणून पुटपुटत म्हणा. पण ओठ हलू द्या, मनातल्या मनात म्हटलं की पेपरातल्या चुका मध्ये येतात. खोलीत सोबतीण असेल तर तिला आधीच सांगा, अमुक वेळेला पाच मिनिटं मला हवीत. माझी सोबतीण त्या वेळात बाहेर जाऊन कपडे वाळत घालायची.

मागायचं काय? 'सगळं नीट कर' हे मागणं इतकं मोठं आहे की ते मागून मन हलकं होत नाही. मी त्या बुधवारनंतर लहान मागायला लागले. सातवा तास ओरडल्याशिवाय जाऊ दे. आज पंधरा पेपर होऊ देत. भावाचा फोन आला की धीराने घेऊ दे. आणि भांडावंसं वाटलं तर भांडा. आपल्या संतांनी विठोबाला कमी सुनावलेलं नाही. नामदेव रुसले, जनाबाईंनी तर त्याला घरच्या माणसासारखं फैलावर घेतलं. देवापुढे गोडच बोललं पाहिजे हा नियम वारकऱ्यांचा नव्हे.

रात्री झोपताना मी वहीत तीन ओळी लिहायचे: आज काय जमलं, काय राहिलं, उद्या पहिलं काम कोणतं. त्यानंतर एका वर्गातल्या मुलांची नावं मनात म्हणायची, हजेरीच्या क्रमाने. ज्या पालकाने तक्रार केली होती त्याच्या मुलाचं नाव तेरावं. पहिल्या दोन रात्री मी बाराव्यावरून चौदाव्यावर गेले, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या रात्री ते नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी माझाच एक तास फोनवर रेकॉर्ड करून ऐकला. तक्रार खरी होती. मी फार भराभर बोलत होते, वाक्याचा शेवट गिळत होते आणि 'बरं का' मधूनमधून पेरत होते. बोलणं सुधारायला टर्म गेली. नाव घेतलं नसतं तर रेकॉर्डिंग केलं असतं की नाही, सांगता येत नाही.

प्रार्थना काय करत नाही, तेही सांगते. तापावर ती उपाय नाही. वस्तीच्या बेटांवर हेल्थ सेंटर असतं, तिथे जायचं. मला चार रात्री झोप नव्हती आणि मी त्या जपात घालवल्या. पाचव्या दिवशी फळ्यावर साधी बेरीज चुकले. त्या रात्री अकरापर्यंत बसून जप करण्यापेक्षा नऊला झोपायला हवं होतं. झोप, जेवण आणि बोलायला एक माणूस, ही तीन नसतील तर प्रार्थनेवर नको इतका भार पडतो. दोन-दोन आठवडे झोप नाही, रडू थांबत नाही असं झालं तर डॉक्टरांना सांगा, त्यात श्रद्धा कमी पडल्यासारखं काही नाही.

आणि कोणी तुमच्यासाठी प्रार्थना करतो म्हटलं तर करू द्या. ती लीडिंग टीचर गुरुवारी, ऑपरेशनच्या वेळी, माझ्याशेजारी येऊन बसली. विचारलं, आईचं नाव काय? मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, 'ळ' तिला जमेना. मग तळहात उघडे धरून ओठ हलवले, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पुढच्या तासाला निघून गेली. त्यानंतर मी तिला रोशी, म्हणजे त्यांची पोळी, आणि खोबरं-माशांची मासहुनी करायला मदत करायचे. मी मासे खात नाही, नारळ तेवढा खवून द्यायचे.

हे सगळं मालदीवचं झालं. तुम्ही मस्कतला चालला असाल तर तिथे शंकराचं जुनं मंदिर आहे. दुबईत जबेल अलीला २०२२ साली मोठं मंदिर उघडलं. मॉरिशसला तर पिढ्यान्‌पिढ्यांचा मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथे तुमचा अवघड आठवडा चार माणसांत जाईल, हेवा वाटतो. पण पोस्टिंग शहरात मिळेल असं धरून चालू नका. मलाही राजधानीत मिळेल असं सांगितलं होतं.

निघण्यापूर्वी करार पुन्हा वाचा आणि घरच्या आजारपणासाठी रजा किती, ती कोणाकडे मागायची, हे पेनाने अधोरेखित करून ठेवा. त्याच रात्री पाठ असलेलं काहीतरी एकदा अंधारात, न बघता म्हणून पाहा. कुठे अडता ते कळेल, तेवढं पक्कं करा. आणि बॅगेत साडीच्या घडीत काही ठेवलं असेल, तर ते आजच काढून आईच्या हातात द्या.